नेपाळातील मुलांकडे जाण्यापूर्वी

शिक्षण पुरे झाले आहे आणि नोकरीवर रुजू होण्यास अद्याप चार-सहा महिन्यांचा अवकाश आहे, किंवा सेवानिवृत्तीचे कागद हाती पडले आहेत आणि हातपाय अजून धड आहेत, अशा वेळी परमुलखातील गरीब मुलांसाठी काही दिवस खर्ची घालावेत अशी इच्छा ज्यांच्या मनात उत्पन्न होते त्यांच्याविषयी मला आदर वाटतो, आणि त्या आदरापोटीच हे चार शब्द लिहीत आहे. महाराष्ट्रातून अशा हेतूने निघणाऱ्याला सर्वांत जवळचा आणि सुगम परदेश म्हणजे नेपाळ. १९५० सालच्या तहान्वये भारतीय नागरिकास तेथे व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच आहे, देवदेवता ओळखीच्या आहेत, आणि मुंबईहून रेल्वेने गोरखपूर गाठले की सोनौलीची सरहद्द पायी ओलांडता येते. परंतु या सुगमतेमुळेच पुष्कळ जण पुरेशी चौकशी न करता निघतात, आणि त्या बेसावधपणाची झळ जाणाऱ्यापेक्षा ज्यांच्यासाठी तो जातो त्या मुलांना अधिक लागते.

पहिला बेत बहुधा असा असतो: काठमांडूत किंवा पोखऱ्यात एखादे बालगृह गाठावे, तेथील अनाथ मुलांना महिनाभर शिकवावे, खेळवावे, आपल्या हाताने जेवू घालावे आणि भरल्या डोळ्यांनी परतावे. हा बेत सोडून द्यावा असे मी आरंभीच सांगतो. आणि हे सांगणे कठोर वाटेल म्हणून त्याची कारणे जरा तपशिलाने देतो. नेपाळात १९९६ पासून २००६ पर्यंत माओवाद्यांचे सशस्त्र बंड चालू होते. हुमला, जुमला, डोल्पा यांसारख्या दुर्गम जिल्ह्यांत बंडखोर कोवळ्या मुलांनाही आपल्या फौजेत ओढू लागले, शाळा बंद पडू लागल्या, आणि भयभीत आईबापांच्या दारी दलाल येऊन म्हणू लागले की, मुलाला राजधानीतल्या चांगल्या शाळेत घालतो, वसतिगृहात ठेवतो, खर्चापुरते पैसे द्या. आईबापांनी कर्ज काढून, जमिनी विकून ते पैसे उभे केले आणि मुले दलालांच्या स्वाधीन केली. त्यांतील कित्येक मुले पुढे काठमांडूतील भाड्याच्या घरांत अनाथ म्हणून नोंदली गेली. ज्यांचे आईबाप डोंगरात मुलाच्या पत्राची वाट पाहत होते त्यांच्या मृत्यूचे खोटे दाखले दप्तरात दाखल झाले. आणि परदेशी पाहुण्यांचे अंतःकरण द्रवून देणगी मिळावी एवढ्यासाठी त्या मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत आणि अर्धपोटी ठेवण्यापर्यंत काही चालकांची मजल गेली.

ही हकीकत बाहेर आणणाऱ्यांपैकी एक जण स्वयंसेवकच होता. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या एका बालगृहात काही महिन्यांच्या सेवेसाठी आला. ज्यांना अनाथ समजून तो शिकवीत होता त्या मुलांचे आईबाप हयात आहेत हे उमगल्यावर तो हुमल्याच्या डोंगरात शिरला आणि गावोगाव पायी हिंडून त्याने ती घरे शोधून काढली. मुलांना त्यांच्या कुटुंबांशी जोडण्याचे काम करणारी 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था त्यातूनच निर्माण झाली. युनिसेफने २०१५ साली सांगितले की नेपाळच्या बालगृहांतील दर १०० मुलांपैकी सुमारे ८५ मुलांचे आईबाप, किंवा त्यांपैकी निदान एक तरी, हयात आहे. नेपाळात ७७ जिल्हे आहेत. पण बहुतेक बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत एकवटली आहेत, आणि पर्यटकांची गर्दी असते तीही याच जिल्ह्यांत. मुले डोंगरातली आणि बालगृहे पर्यटकांच्या वाटेवरची, ही विसंगती योगायोगाने उद्भवलेली नाही. पाहुण्यांचा पैसा आणि पाहुण्यांची माया जिकडे वाहते तिकडे मुले आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आपल्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराची गणना मुलांच्या अपव्यापारात केली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९च्या ठरावात बालगृहांतील अशा पाहुणसेवेला आळा घालण्याचे सर्व राष्ट्रांना आवाहन केले. नेपाळातील प्रत्येक बालगृह असे आहे असे मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसांनी चालविलेली घरेही तेथे आहेत. परंतु चांगले घर ओळखण्याची एक खूण हीच की ते महिनाभराच्या पाहुण्याला मुलांच्या खोलीत घेत नाही.

समजा, घर प्रामाणिक आहे आणि मूल खरोखरच पोरके आहे. तरीही माझी हरकत कायम राहते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेला अहवाल मातृवियुक्त मुलांविषयी आहे. लहान मुलाच्या मनाची वाढ व्हावयाची तर त्याला सांभाळणारे माणूस स्थिर असावे लागते, आणि ते वारंवार बदलत गेले तर मुलाची जीव लावण्याची शक्तीच खचते, हे त्या अभ्यासाने आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखविले. संस्थेत वाढणारी मुले अनोळखी पाहुणा फाटकातून आत येताच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतात. पाहुण्याला ते निरागस प्रेम वाटते, पहिल्याच दिवशी आपला लळा लागला असे वाटून तो कृतार्थ होतो. परंतु ज्या मुलाला आपले माणूस आणि परके माणूस यांतला भेद कळतो ते मूल परक्याला पाहून आईच्या पदराआड जाते, आणि धावत येणाऱ्या मुलाचा तो भेद पुसला गेला आहे. महिन्याने पाहुणा जातो, दुसरा येतो, मूल पुन्हा धावते. या येण्याजाण्यात आपली एक भर घालू नये, एवढीच माझी विनंती आहे.

मग करावे काय? आपल्या महाराष्ट्रातच याचे एक उत्तर आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. आणि मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे ध्यानात आल्यावर शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग तेथे झाला. त्या सूक्ष्म अवलोकनामागे मुक्कामाची वर्षे होती. अनुताई तर १९९२ साली देह ठेवीपर्यंत त्या कामात होत्या. महिना-दोन महिन्यांचा पाहुणा हे करू शकणार नाही. परंतु जे करीत आहेत त्यांच्या मागे उभा राहू शकेल, आणि जाणाऱ्याने आपली जागा तेथेच शोधावी असे मला मनापासून वाटते. मुलाचे शिक्षक, मुलाची आई, गावातील आरोग्यसेविका, शाळेच्या व्यवस्थापन समितीतील माणसे ही मुलाच्या आयुष्यात राहणारी आहेत, आणि त्यांचा भार हलका केला तर त्याचा लाभ आपण परतल्यावरही मुलाला मिळत राहतो.

नेपाळात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांना सामुदायिक विद्यालये म्हणतात, आणि २०१५च्या राज्यघटनेने माध्यमिक स्तरापर्यंतचे शालेय शिक्षण स्थानिक पालिकांच्या अधिकारात दिले आहे. अशा शाळेला कशाची निकड असते ते शाळेलाच विचारावे. आपण काय द्यावयाचे ते घरून ठरवून जाऊ नये. हिशेबनिसाने हिशेबाच्या वह्या नीट लावून द्याव्यात आणि लावावयास शिकवावे. वीजकाम जाणणाऱ्याने वर्गांतील तारा दुरुस्त कराव्यात. बालवाडीत आयुष्य घालविलेल्या बाईंनी तेथील शिक्षिकेबरोबर बसून बियांची, काड्यांची, चिंध्यांची साधने तयार करावीत. पुष्कळ शाळांत देणगीदाखल आलेली पुस्तके कपाटात असतात, आणि हरवतील या भीतीने कपाटाला कुलूप असते. त्या पुस्तकांची यादी करणे, इयत्तांप्रमाणे ती लावणे, देवघेवीची वही सुरू करणे आणि कपाट रोज उघडले जाईल अशी वहिवाट शिक्षकांच्या संमतीने पाडणे, हे एका महिन्यात पुरे होणारे आणि मागे टिकणारे काम आहे. वर्गात शिकवावयाचेच असेल तर तेथील शिक्षकांसमवेत शिकवावे, त्यांच्या जागी नव्हे. बिनपगारी पाहुण्यांचा ओघ सुरू झाला की गावातल्या एखाद्या पदवीधर मुलीला मिळावयाची नोकरी नाहीशी होते, आणि ती नोकरी हेच त्या गावाचे खरे कल्याण असते.

संस्था किंवा शाळा निश्चित करताना पत्रव्यवहाराची घाई करू नये. परदेशी संस्था नेपाळच्या समाज कल्याण परिषदेच्या संमतीवाचून काम करू शकत नाही, तेव्हा मध्यस्थ संस्था परदेशी असेल तर ती संमती आहे काय, स्थानिक असेल तर तिची नोंदणी कोणत्या कार्यालयात आहे आणि तेथील वडा (प्रभाग) कार्यालयाला तिचे काम ठाऊक आहे काय, याची रुजुवात करावी. आपल्याकडून शुल्क घेतले जात असेल तर त्यातील किती भाग शाळेकडे जातो आणि किती मध्यस्थाकडे राहतो याचा लेखी तपशील मागावा. मागण्यात संकोच करू नये, कारण स्वच्छ कारभार असणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. आपल्यापूर्वी आलेल्या स्वयंसेवकाने काय काम केले आणि ते आज कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. आणि एक उलट कसोटी अवश्य लावावी: ती संस्था आपली चौकशी करते काय? पोलीस खात्याकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला, पूर्वीच्या वरिष्ठांची शिफारस, मुलाखत, मुलांशी वागण्याच्या नियमांवर स्वाक्षरी, यांपैकी काहीही न मागता जी संस्था केवळ शुल्क भरून घेते आणि मुलांमध्ये सोडते, ती उद्या कोणालाही असेच सोडील हे ओळखून तेथला विचार रद्द करावा. दाखला मागितला नाही तरी आपण तो काढून बरोबर न्यावा.

कागदपत्रांचे काम थोडके आहे. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. आधारपत्रावर विसंबून विमानतळावरून परत फिरण्याची वेळ अनेकांवर येते. आपल्या एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून स्थिर आहे, परंतु शंभराहून मोठ्या भारतीय नोटांविषयीचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत खातरजमा करावी आणि खर्चापुरत्या शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. डोंगरी भागात जावयाचे असल्यास हेलिकॉप्टरने हलविण्याचा खर्च ज्यात धरला आहे असा विमा उतरवावा.

मुदत ठरविण्यापूर्वी तेथील पंचांग पाहावे. नेपाळचा सरकारी व्यवहार विक्रम संवताने चालतो, जो इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे आहे. शाळेच्या पटावर मुलाचे जन्मवर्ष २०७५ दिसले तर ते मूल २०१८च्या सुमारास जन्मलेले आहे असे समजावे. शाळेचे वर्ष वैशाखात सुरू होते. आश्विन-कार्तिकात दशैं आणि तिहार या सणांच्या दीर्घ सुट्या पडतात, आणि दिवाळीच्या रजेत जाऊन येतो म्हणणारा मराठी शिक्षक नेमका बंद शाळेच्या दारात उभा राहतो. साप्ताहिक सुटी शनिवारी असते, रविवारी शाळा भरते. जून ते सप्टेंबर या काळात दरडी कोसळून रस्ते खंडित होतात. हुमल्यातील सिमकोटसारख्या ठिकाणी नेपाळगंजहून लहान विमान जाते आणि हवा बिघडली की तीन-तीन दिवस जात नाही, तेव्हा परतीच्या गाडीचे आरक्षण अगदी दुसऱ्या दिवसाचे करू नये. घड्याळ मात्र केवळ १५ मिनिटे पुढे करावे लागते.

प्रकृतीच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला निदान सहा आठवडे आधी घ्यावा, कारण काही लसींच्या मात्रांमध्ये अंतर लागते. विषमज्वर आणि दूषित पाण्याने होणारी कावीळ यांवरच्या लसींविषयी विचारावे. तराईत पावसाळ्यात राहावयाचे असेल तर जपानी मेंदूज्वराविषयीही. पिसाळलेल्या जनावराच्या दंशावरची लस आधीच घेऊन ठेवणे दूरच्या गावी जाणाऱ्यास विशेष हितकारक आहे, कारण दंशानंतरचे उपचार तेथे तत्काळ मिळतीलच असे नाही. दंश झालाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि दवाखाना गाठावा. काठमांडूतील स्वयंभू आणि पशुपतिनाथ येथील माकडांच्या चाव्यालाही हाच नियम लागू आहे. काठमांडूची उंची साधारण महाबळेश्वराएवढी, म्हणून तेथे काही जाणवत नाही. परंतु आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे आणि सिमकोट जवळपास ३,००० मीटरवर आहे. तेथे विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, आणि डोके दुखून ओकाऱ्या होऊ लागल्या तर भिडेखातर वर चढत राहू नये. आणि ज्याला खोकला किंवा ताप आहे त्याने मुलांच्या वर्गात जाऊ नये, ही दक्षता लसींच्या यादीत नसली तरी तितकीच आवश्यक आहे.

भाषेच्या तयारीवर मात्र मी वाचकांना अधिक वेळ खर्च करावयास सांगेन. लिपी एकच असल्यामुळे मराठी माणूस काठमांडूतील पाट्या धडाधड वाचतो आणि आपल्याला नेपाळी येते अशी त्याची समजूत होते. बहिनी हा शब्द वाचून त्याला आपली वहिनी आठवते, पण तेथे बहिनी म्हणजे धाकटी बहीण. थोरली ती दिदी, थोरला भाऊ दाइ आणि धाकटा भाइ. आपण कीर्तनकाराला बुवा म्हणतो, तेथले मूल बापाला बुवा म्हणते. नेपाळी च आपल्या चाकातल्या च सारखा उच्चारतात, चंद्रातल्या सारखा नाही, आणि हे मराठी जिभेला सहज साधणारे आहे. फळ्यावर लिहिताना आपल्या वळणाचे ल आणि श लिहू नयेत. पहिलीतल्या मुलाच्या पुस्तकात त्यांची वळणे निराळी असतात आणि ते गोंधळते. तँ, तिमी आणि तपाईं अशा संबोधनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिक्षकांना आणि पालकांना, मग ते कितीही दरिद्री असोत, तपाईंच म्हणावे. शिवाय २०२१च्या जनगणनेत नेपाळात १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे वर्गातील पुष्कळ मुलांना नेपाळीसुद्धा शाळेत येऊनच शिकावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

ही भाषा शिकावयास दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या कितीतरी इमारतींच्या दारांत आणि रत्नागिरी-देवगडकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसे आहेत, आणि त्यांतील बरीच पश्चिमेकडील त्याच डोंगरी जिल्ह्यांतून आलेली आहेत, जेथून मुले शहरांतल्या बालगृहांत जातात; मजुरीसाठी हिंदुस्थानात येण्याला मुगलानला जाणे म्हणण्याचा तिकडे जुना प्रघात आहे. त्यांच्यापैकी कोणाजवळ आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे, शिकवणीचे पैसे रीतसर द्यावेत आणि बोलावे. गावी मुले कोणाजवळ आहेत, शाळा किती कोसांवर आहे, पैसे पाठविले की त्यातून काय होते, हे सहा महिने ऐकलेला माणूस नेपाळात उतरतो तेव्हा कोणत्याही माहितीपुस्तकाने होणार नाही अशी त्याची तयारी झालेली असते. कधी असेही होईल की त्या राखणदाराची मुले येथेच, बागेतल्या खोपीत, शाळेवाचून आहेत असे दिसेल, आणि आपले सहा महिने सरहद्दीच्या अलीकडेच कामी येतील. तसे झाले तर तिकीट रद्द करण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

तेथे गेल्यावर वागणुकीचे काही निर्बंध स्वतःवर घालून घ्यावेत. बंद खोलीत एकट्या मुलासोबत थांबू नये. मुलाला आपल्या निवासस्थानी नेऊ नये. एकेकाला गोळ्या-बिस्किटे, पेन, पैसे वाटू नयेत. द्यावयाचे ते मुख्याध्यापकांच्या हाती, सर्वांदेखत आणि पावती घेऊन द्यावे. मुलांची छायाचित्रे काढावयाची झाल्यास पालकांची आणि शाळेची संमती घ्यावी, आणि चेहरा, नाव, गाव एकत्र कोठेही प्रसिद्ध करू नये. एखाद्या मुलाची करुण कहाणी आपल्या परिचितांत देणगीसाठी फिरविणे म्हणजे त्याच्या दुःखावर आपला हक्क सांगणे होय. मुलांनी दिदी किंवा दाइ म्हटले तर ते आनंदाने स्वीकारावे, कारण त्या देशात प्रत्येक वडीलधारा दिदी किंवा दाइच असतो. परंतु कोणी आमा किंवा बुवा म्हणू लागले तर हळुवारपणे पण त्याच क्षणी ते थांबवावे. जे पुढच्या वर्षी निभावता येईलच असे नाही ते वचन देऊ नये. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर आपण स्वतः तपास किंवा उलटतपासणी करू नये. काय पाहिले ते तारखेसह लिहून ठेवावे आणि कळवावे. भारताप्रमाणे नेपाळातही मुलांच्या मदतीचा दूरध्वनी १०९८ हाच आहे.

परतण्याचा दिवस पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकावा, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांच्यादेखत त्यावर खूण करावी, म्हणजे कोणी आपल्याला न सांगता निघून गेले असे त्यांना वाटणार नाही. निरोपाचा मोठा समारंभ, हार, भाषणे आणि रडारड यांना शक्य तर नकार द्यावा. शेवटचा आठवडा नवे काही सुरू न करता सोपवणुकीसाठी राखून ठेवावा: पुस्तकांच्या यादीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक वाचनालय सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडे, आणि देवघेवीची वही निदान आठवडाभर आधीपासून तिच्याच हस्ताक्षरात. निघावयास शुक्रवार चांगला. दुपारी शाळा सुटली की सर्वांना नमस्ते करावे आणि बसच्या वाटेला लागावे. शनिवार सुटीचा जातो. आणि रविवारी सकाळी मुले येतील तेव्हा वर्गात त्यांच्या नेहमीच्या बाई उभ्या असतील, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच हातात असेल.